दुसरी भाकरी

गंगावेशीत रात्री म्हशी येतात.
मी धार काढतो
आणि माझ्या पाठीमागं, कट्ट्यावर,
पिक्चर सुरू होतो.

निवृत्ती साळोखे, एकोणतीस वर्षं डोअरकीपर,
अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवल्या,
स्वतः सगळं उभ्यानं पाहिलं.
गुंडोपंत हेरवाडकर, भूगोलाचे मास्तर.
आणि शमशुभाई मुजावर, बोर्ड पेंटर,
ज्यांनी बाईचे डोळे रंगवले चौकात, शिडीवर चढून.
'एकेक बुबुळ म्हणजे परात होती, लेका.'

बाई म्हणजे बाई. तिचं नाव घेत नाहीत,
जुन्या बायका नवऱ्याचं घेत नव्हत्या तसं.

नट्या आणखी खूप आहेत.
कुणाचं नाक, कुणाची चाल, कुणाचं रडणं
दुधाच्या फेसासारखं वर येतं नि बसतं.
पण तिघं अडकलेत त्या एकाच पिक्चरवर.
चार आठवडे चालला. उतरला.
प्रिंट म्हणे डब्यातच आंबली.
मग कधीतरी एका शनिवारी टीव्हीवर लागला.
अख्खी गल्ली हेरवाडकरांच्या सोप्यात,
चपला पार रस्त्यापर्यंत,
आणि बाई उंबऱ्यावर थांबली,
आत जाणार की मागं फिरणार,
तेवढ्यात लाईट गेली.

'मागं फिरली,' मास्तर म्हणतात. 'तसाच तिचा स्वभाव.'
शमशुभाईंनी थेटरात शेवट पाहिलाय, दोनदा,
आणि दोन वेगवेगळे सांगतात.
साळोखे काहीच बोलत नाहीत.
शेवटच्या दोन मिनिटांत
ते दारं उघडायला बाहेर असायचे,
प्रत्येक खेळाला.

परवा विषय निघाला टेलिफिल्मचा.
त्यात बाई सासू झाली होती, केस पांढरे करून.
'पडदा केवढा, पेटी केवढी! मावेल का ती?'
'तिथंच मावली, शमशु. जवळून पाहिली मी तिला,
पहिल्यांदा वय दिसलं.'
दूध गार झालं दोघांचं.
मग साळोखे म्हणाले, 'ते जाऊ दे. भाकरी!'
आणि तिघं एकदम गप्प, देवळात आल्यासारखे.
बाईनं थापलेली भाकरी.
नुसते हात, पडदाभर.
पीठ, बांगड्या, बोटांची ती फेर.
'असली ॲक्टिंग परत होणे नाही.'

म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून मी म्हणालो,
'ते हात बाईचे नव्हते.
आमच्या हौसाआत्तीचे होते.'

बादलीत धार वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिघं उत्तरेश्वरला, आत्तीच्या दारात,
साळोखे तर इस्त्रीचा सदरा घालून.
आत्ती शेंगा फोडत होती. हसली.
'व्हय की. एकवीस रुपये दिलं.
बांगड्या त्यांच्या. घातल्या, परत मोजून काढून घेतल्या.
पहिली भाकरी मोडली, डोळ्यावर लई उजेड.
दुसरी फुगली. ती पिक्चरात गेली.'
'आणि बाई?'
'ती माझ्या शेजारी, पाटावर. सकाळधरनं उपाशी.
म्हणाली, टाकू नगंस गं.
मोडकीबी खाल्ली तिनं, खर्ड्यासंगं,
नाकातनं पाणी, डोळ्यातनं पाणी,
बोटं चाटली.
त्ये कुणी घेतलं न्हाई पिक्चरात.
मशीन बंद हुतं.'

मास्तरांनी घसा साफ केला. 'आणि शेवट, हौसाबाई?'
'कशाचा? मी कुठं बघितला पिक्चर.
थेटरात लागला तवा बाळंत हुते.
टीव्हीवर लागला तवा आले की तुमच्या सोप्यात,
पार मागं, खांबाआड.
माझं हात आलं, आणि म्होरं
कुणाची तरी टोपी.'

साळोख्यांनी टोपी काढली,
मांडीवर ठेवली.
तेवढा एकच आवाज, शेंगांचा.

शमशुभाई मात्र आत्तीच्या हातांकडं बघत होते,
एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून,
माप घेतात तसे.
'चुकलंच,' म्हणाले,
'डोळे काढत बसलो.'

आज रात्री परत कट्ट्यावर भांडण.
बाईनं आधी मोडकी खाल्ली की फुगलेली?
मास्तर म्हणतात मोडकी. तसाच तिचा स्वभाव.